बोरुडे सरांचं आभाळ

बोरुडे सर कुणाकडेही गेले, की आधी गच्चीवर जात आणि मग चहाला बसत. घरात कुणी आजारी असलं तरी क्रम तोच. पाथर्डीला आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. "ढगाला घाबरायचं नसतं, कारण विचारायचं असतं," असं ते नेहमी म्हणत. एकदा ढगाच्या पोटाला गोळेच गोळे लोंबताना दिसले, तेव्हा चाचणी सोडून त्यांनी अख्खा वर्ग मैदानात नेला. "वरची गार, ओलसर हवा खाली उतरतेय, म्हणून हे फुगवटे!" मुख्याध्यापकांनी त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस दिली.

त्यांच्या लेकीचं, सुषमाचं लग्न मे महिन्यात शाळेच्याच मैदानावर होतं. अक्षता वाटून झाल्या आणि पश्चिमेकडून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळ्या फळीसारखा ढग सरकत आला. मोबाईल बाहेर निघाले. नवऱ्या मुलाचे वडील दगडूबापू पांढरे पडले.

"सर, ह्यो अपशकुन हाय. आमी वऱ्हाड घेऊन निघतो."

सरांनी भटजींचा माइक घेतला. "बापू, अपशकुन नाही. तिकडे पाऊस कोसळतोय. त्याच्याबरोबर गार हवा खाली येते, जमिनीवरून पसरते, इथली गरम, दमट हवा वर ढकलते. त्या हवेतल्या वाफेचा हा ढग. म्हणजे वारा आता..." सर थांबले. स्पष्टीकरण अर्धवट सोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. "मांडवातून बाहेर! सगळे वर्गात चला!"

कुणी हललं नाही. सरांचं ढगांवरचं बोलणं मनावर घ्यायची सवयच नव्हती कुणाला. शेवटी सुषमाने नवऱ्या मुलाचा हात धरला आणि शालू सावरत ती वर्गाकडे पळाली. नवरी पळाली म्हटल्यावर वऱ्हाड मागे धावलं. सगळे आत येतात न येतात तोच मांडव उचलला गेला. लोखंडी खांब रिकाम्या खुर्च्यांवर आदळले. व्हरांड्यात सर लेकीला घट्ट धरून उभे होते.

लग्न सहावी 'ब'च्या वर्गात लागलं. बापूंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीचा पायगुण लई चांगला!"

"बापू, त्याचं कारण..."

"कारण पोरीचं नशीब, सर!"

पुढे लोक सरांकडे पत्रिका घेऊन येऊ लागले. सर प्रत्येकाला गार हवा, गरम हवा समजावत. लोक आदराने ऐकत आणि विचारत, "मग मुहूर्त कधीचा धरू?"

गेल्या वर्षी सर गेले. दहाव्याला बापू म्हणाले, "सरांना आभाळातलं दिसायचं. तसली सिद्धी आता कुनाकडं न्हाई."

सुषमाने डोळे पुसले. "बापू, ते ज्योतिषी नव्हते. भूगोलाचे मास्तर होते."

बापूंनी हात जोडले. "तेच म्हनतो मी. मोठी मानसं सोताहून कदी सांगत न्हाईत."