गदेवरची सुतळी

औरंगपुऱ्यातल्या माझ्या दुकानात बाया ब्लाउज घेऊन येतात, फॉल-पिकोच्या साड्या घेऊन येतात, ऐन लग्नसराईत रडवेल्या होऊन येतात. पण खांद्यावर गदा टाकून कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. यंदाच्या उरसाआधी तसा एक जण आला. पंचविशीचा गडी, कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. मापं द्यायला बसलेल्या दोघी बाया उठून उभ्याच राहिल्या.

"ताई, दांड्यावरच्या पट्ट्या सुटायल्यात. चार टाके घालून देता का?" असं म्हणत त्यानं ती गदा माझ्या कटिंगच्या टेबलावर, एका नवरीच्या ब्लाउजपीसशेजारी, अलगद ठेवली.

त्यातली एक बाई म्हणाली, "अगं बाई, आता गदेलाही अस्तर लावता का?" मला हसू आलं नाही. त्या गदेची ओळख मला कुणी करून द्यायची गरज नव्हती. ती आमच्या घरात एकच वर्ष राहिली होती, पण तिचं बोलणं त्यानंतर कधी थांबलं नाही.

सोयगावाकडं आमचं गाव आहे. तिथं पिराच्या उरसात शेवटची कुस्ती गदेची. सागवानी गदा, वर चांदीचा पत्रा. जिंकणारा ती वर्षभर घरी नेतो आणि पुढच्या उरसाला स्वतः खांद्यावर टाकून परत आणतो, मग जो समोर येईल त्याच्याशी लढतो. दुसरीकडं जिंकलेल्यांची नावं पितळी पट्टीवर कोरतात. आमच्याकडचं तऱ्हेवाईकच. जो गदा हरतो त्यानं कुस्तीच्या हौद्यातून बाहेर यायच्या आधी आपल्या फेट्याची पट्टी फाडायची, स्वतःच्या हातानं दांड्याला गुंडाळून गाठ मारायची आणि मग गदा दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची. म्हणजे दांड्यावर सगळे हरलेलेच. पण त्यातला एकेक आधी ती जिंकलेला.

तो गडी, म्हणजे गेल्या उरसात गदा जिंकलेला, गेल्यावर मी दुकानाचा पडदा ओढला आणि दांडा हातात घेतला. कापड ओळखायचं तर माझं पोटापाण्याचंच काम. सगळ्यात खालची पट्टी फेट्याची नाहीच, धोतराची. पहिला गदावाला सालगडी होता, फेटा बांधायची ऐपत नव्हती. हरला तेव्हा त्यानं नेसत्या धोतराचा सोगा फाडला. त्यावर हिरवी रेशमी, ती शहरातल्या जुन्या वस्तीतल्या एका पैलवानाची. त्याला बरीच वर्षं कुणी हलवू शकलं नाही. शेवटी पडला आणि पट्टी बांधताना म्हणाला म्हणे, "जीतनेवाला गदा ले जाता मियाँ, हारनेवाला गदे पे रह जाता." गावात हे अजून चालतं. नापास झालेल्या पोरांनाही हेच ऐकवतात, आता बोला!

पुढं गुलाबी मलमल. तो पैलवान गदा जिंकला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तापानं गेला. उरसाला त्याची माय गदा पदरात गुंडाळून घेऊन आली. ज्या मैदानात बाईमाणूस फिरकत नसे, तिथं ती हौद्यापर्यंत चालत गेली. पंच म्हणाले, "तो हरला कुठं?" ती म्हणाली, "मरणापुढं हरला की. त्याची पट्टी म्या बांधते." आणि बांधली. ही गोष्ट आबा, म्हणजे माझे वडील, अजून सांगतात. वर वर अलीकडच्या पट्ट्या होत्या, तयार फेट्याच्या, चमकदार नायलॉनच्या. उसवल्या होत्या त्या ह्याच. जुन्यांची एकही गाठ हललेली नव्हती.

आणि मधोमध, कापडाच्या दोन पट्ट्यांच्या बेचक्यात, सुतळी. पोत्याची, खरखरीत. गदा घेऊन जो स्वतः येत नाही त्याच्या नावानं पंच सुतळी बांधतात. सबंध दांड्यावर ती एकच आहे. ती आबांची.

आबांनी गदा जिंकली तेव्हा मी आईच्या पोटात होते. त्यांचा ढाक हा डाव असा बसायचा, की समोरच्याला आपण कधी उलटे झालो ते जमिनीवर गेल्यावर कळायचं. गावानं त्यांना अबोली रंगाचा फेटा बांधला, मिरवणूक काढली. पुढचा उरूस आला तेव्हा मी काही महिन्यांची होते, आणि माझ्या छातीत कफ भरला होता. श्वास लागेना म्हणून आबा आणि आई मला घेऊन शहरातल्या सरकारी दवाखान्यात आले. उरसाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस अवघड आहे. आबांनी गदा धाकट्या काकाबरोबर एसटीनं पाठवून दिली.

त्या वर्षी आव्हान द्यायला बाहेरच्या जिल्ह्यातला एक आडदांड पैलवान आला होता. मग काय, लोकांच्या जिभेला हाड असतं का! "भ्याला. लेकीचं निमित्त केलं." पंचांनी सुतळी बांधली आणि गदा त्या आडदांडाला न लढताच मिळाली. मी वाचले, पण औषधपाणी लांबलं. आबा शहरातच राहिले, कारखान्यात लागले, मुकुंदवाडीत घर केलं. पुन्हा लंगोट लावला नाही. उरसाला गावी गेलो की पोरं मला हाक मारायची, "ए सुतळे!" मी एकदोघांना दगड मारलेत, नेमही चांगला होता. आबा मात्र कधी कुणाला काही बोलले नाहीत. एवढ्या ताकदीच्या माणसानं एवढं गप्प बसायचं म्हणजे काय ते मला माझी पोरं झाल्यावर कळलं.

तर अशी ती गदा माझ्या टेबलावर, हाताशी कात्री, आणि सुतळी डोळ्यांसमोर. कच्चकन कापावी आणि आबांच्या अबोली फेट्याची पट्टी तिथं गुंडाळून जुन्या धाग्यानं टाके घालावेत, असं मनात आलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण बाप माझाही होता, म्हणून संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना विचारलं. आई गेल्यापासून ते मुकुंदवाडीतच माझ्याजवळ असतात.

आबा एकदम तडकले. "न हरता बांधू? डोकं फिरलं का तुझं?"

"त्या मायनं नव्हती का बांधली लेकाची?"

"तो मेलता. म्या जिता हाय अजून." मग म्हणाले, "ती पट्टी फुकट मिळत नाय पोरी. सगळ्या गावासमोर पाठ टेकवावी लागती. त्यांनी टेकवली. म्या कुठं टेकवली?" तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की इतकी वर्षं त्यांना लोकांच्या 'भ्याला'चं तेवढं लागलेलं नव्हतं. ज्यांना ते मानत होते त्या माणसांच्या रांगेत आपण नाही, हे लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गडी गदा न्यायला आला. माझं तोंड म्हणजे फाटकी पिशवी, त्यात काही राहत नाही. "ही सुतळी माझ्या बापाची आहे," मी म्हणाले, "आणि भित्रा नव्हता तो." सगळं सांगितलं. तो स्टुलावर बसून ऐकत होता. मग दांड्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "म्हंजी आबांकडून गदा कुणी घेतलीच नाय. नुसती आणून ठिवली. मग ताई, तिथून पुढं आम्ही सगळे कुणाची गदा जितायलो?"

"म्हणजे?"

"म्हंजी ती अजून आबांचीच हाय. मला ती घ्यावी लागंल. आबा हायेत का घरी?"

त्याच्या मोटारसायकलवर मागं मी, मांडीवर आडवी गदा. सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "मावशी, किसको ठोकने निकले?" मी म्हणाले, "तुझ्याच घरी निघालेय, चल पुढं."

मुकुंदवाडीला घरी पोचल्यावर त्यानं आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनी त्याची मान पंजात धरून दाबून पाहिली, घोडा पारखतात तशी. "मेहनत हाय," म्हणाले. मग त्यानं मनातलं सांगितलं, उरसात आबांनी त्याच्याशी एक कुस्ती धरावी. मी किंचाळलेच. "अरे, सत्तरी ओलांडलीय त्यांनी! गुडघे बघ! हाडं मोडली तर तू भरून देणार का?" आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "एक सांग," त्यांनी त्याला विचारलं, "सोडून देशील का?"

"नाय आबा. पाडीन."

"मग येतो," आबा म्हणाले, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी भांडले, रडले, एक वेळ स्वयंपाकही केला नाही. त्यांनी हॉटेलातून मिसळ मागवली.

उरसात आता पोरींच्याही कुस्त्या होतात, त्यामुळं मला हौद्याजवळ बसायला कुणी अडवलं नाही. दुपारी हलगी थांबवून त्या गड्यानं पंचांना सांगितलं, गदेच्या कुस्तीआधी त्याला एक जुनी, बाकी राहिलेली कुस्ती करायची आहे. पंच कुरकुरले. ह्यो कुठला कायदा, म्हातारं मेलं तर जबाबदार कोण. तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "सुतळी आली काय?" आणि हशा झाला. आबांनी सदरा काढला, डोक्यावरचा अबोली फेटा उतरवून माझ्या मांडीवर ठेवला, आणि हौद्याची माती कपाळाला लावून आत उतरले. छातीचं मांस लोंबत होतं, मांड्या वाळल्या होत्या. पण त्यांनी शड्डू ठोकला तो आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. हशा तिथंच बंद झाला.

सलामी झाली. त्या गड्यानं आबांचा हात मानेवर बसू दिला आणि दोघं खडाखडी करत फिरले. मला वाटलं, हा आता दया म्हणून खेळवणार. तेवढ्यात आबांनी डाव्या हातानं त्याची मान ओढली, कंबर आत घातली आणि तोच जुना ढाक लावला. गड्याचा एक पाय खरंच उचलला गेला! मैदान उठून उभं राहिलं. "भले आबा!" कोण ओरडत होतं कुणास ठाऊक, बहुतेक मीच. त्या गड्याच्या चेहऱ्यावरचं हसू पळालं. मग त्यानं ढाक सोडवला, आबांना कमरेत धरलं, उचललं, आणि पाठीवर टाकलं. चांगलं, पुरतं, दोन्ही खांदे मातीला. फक्त एवढंच, की त्याचा एक पंजा आबांच्या डोक्याखाली होता.

आबा आभाळाकडं बघत पडले होते. "टेकली का?" त्यांनी विचारलं.

"टेकली, आबा."

"मग उठीव."

टाळ्या कुठं थांबतात! हलगीवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाजवलं. त्या गड्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो ते मातीच्या हातानं पुसून आणखीच माखला होता. जिंकलेला माणूस इतका नमलेला मी दुसरा पाहिला नाही. मी फेटा नेऊन दिला. आबांनी त्याची पट्टी फाडली आणि सुतळीच्या शेजारी गुंडाळायला लागले. गाठ बसत नव्हती. मी पुढं झाले तर मला डोळ्यांनीच मागं सारलं. तिसऱ्यांदा कशीबशी गाठ बसली. टेलरच्या नजरेनं म्हणाल तर अगदीच गचाळ गाठ होती.

सगळ्यात म्हातारा पंच जवळ आला. त्यानं सुतळी बांधताना पाहिलेलं असणार, कारण त्याला आबांच्या नजरेला नजर देता येईना. "आता ही कशाला," तो म्हणाला, "हिला काढून टाकू. कात्री हाय का कुणाकडं?"

माझ्याकडं होतीच. काढून पुढं केलीसुद्धा. आबांनी दांड्यावर आडवा हात धरला.

"तिला हात लावायचा नाय," ते म्हणाले, आणि बोलले ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "पट्टी माझी हाय, ती हरल्याची. सुतळी माझ्या लेकीची हाय. त्या साली म्या गदा पाठवून दिली आन् हिला घरी आणली. सांगा बरं आता, त्या दिवशी म्या हरलो का जितलो?"

आबांनी गदा उचलून त्या गड्याच्या खांद्यावर दिली आणि माझा हात धरून हौद्याबाहेर आले, गुडघा धरत, "लई दुखतंय गं," म्हणत.

त्या दिवशी गदेची कुस्तीही त्यानंच मारली. परवा तो गडी पुन्हा दुकानात आला, एक नायलॉनची पट्टी परत उसवली म्हणून. बसलेल्या बाईनं विचारलं, मधोमध ही पोत्याची सुतळी कुणाची हो?

"माझी," मी म्हणाले, आणि सुईत दोरा ओवला.