गव्हाणीची नाव

आमच्या नावेच्या काठावरून हात फिरवला की तो गुळगुळीत लागतो. नवख्या माणसाला वाटतं, नदीच्या पाण्यानं झिजला असेल. पाण्यानं नाही, म्हशींनी झिजवलाय. माझे वडील कृष्णेच्या पलीकडच्या काठावरून नाव चालवायचे. खालच्या अंगाला पूल झाला, माणसं गाडीवरून जाऊ लागली आणि नाव बंद पडली. वडील गेल्यावर भावानं ती गोठ्यात ओढून नेली आणि तिची गव्हाण केली. मग कितीतरी वर्षं म्हशी त्या काठावर माना टेकवून कडबा खात राहिल्या.

मधे एकदा मोठा पूर आला तेव्हा गोठ्यात पाणी शिरलं. भावानं जनावरं आधीच वर हलवली होती. दुसऱ्या दिवशी तो बघायला गेला तर गव्हाण जागची उठली होती. पोटात कडबा तसाच, आणि ती दाव्याला धरून गोठ्यातल्या गोठ्यात हळूहळू हलत होती. भाऊ फोनवर म्हणाला, "आक्का, तिला अजून ठावं हाय गं." त्या दिवशी माझं स्वयंपाकात लक्ष लागलं नाही. डोळे मिटले की ती हलताना दिसायची.

गेल्या शिमग्याच्या आधी त्याचा परत फोन आला. हायवेवरचा एक हॉटेलवाला नाव मागत होता. दारात ठेवून तिच्यात बर्फ घालणार, वर काकड्या-टोमॅटो मांडणार. "तुला पायजे तर सांग, न्हाईतर त्यो उद्या गाडी आणतोय," भाऊ म्हणाला. मी एका दमात म्हणाले, "मला पायजे." का पाहिजे, ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

माझं माहेर आणि सासर समोरासमोर आहे, मधे फक्त नदी. तरी नाव आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, लांबून वळसा घालून, पुलावरून. ज्या पुलानं तिचं पोट मारलं त्याच्यावरनं ती नवरीसारखी मिरवत आली, हे बघून मला हसू आवरेना. आमच्या अंगणात करंजाच्या झाडाखाली ती उतरवली. माझे यजमान कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हिची हालत लय खराब हाय. पर कंडम न्हाई."

यजमान फौजेतून रिटायर होऊन आलेत. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात, आता मीसुद्धा म्हणते. उभ्या संसारात ते सुट्टीपुरते घरी असायचे. सुट्टी संपत आली की ट्रंक बाहेर निघायची आणि मी डब्याचे लाडू वळायला घ्यायची. रिटायर होऊन आले तेव्हा वाटलं, सुटलो. पण माणसाला घरात करमेना. ऊस थोरले दीर बघतात, त्यांना कुणाची लुडबुड खपत नाही. मेजर पहाटे उठून चादरीची चौकोनी घडी घालायचे, अंगण झाडायचे, मग दिवसभर दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. त्यात त्यांच्या पलटणीतला एक दोस्त पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर सुपरवायझर झालेला. त्याचा दर आठवड्याला फोन. "ये की रं, जागा धरून ठेवलीय. राहायला खोली बी हाय." नाव आली त्याच आठवड्यात मेजरांनी त्याला माझ्यासमोर सांगून टाकलं, "ही नाव तेवढी झाली की येतो."

मी भाकरी थापत होते. एकटीनं पुन्हा त्या घरात राहायचं, हे मला नको होतं. आता माझ्या अंगात तेवढा दमही राहिला नव्हता. पण जाऊ नका म्हणायची सवयच कधी लागली नाही. फौजीच्या बायकोला ते शब्द गिळायचं वळण पडतं. मी भाकरी उलटली.

कामाला माधवनगरहून एक सुतार यायचे. मी त्यांना चाचा म्हणते. तरुणपणी त्यांनी कापडाच्या मिलमध्ये मागांची लाकडी कामं केली, पुढं दारं-खिडक्या. बोलायला एकदम फर्डे, आणि आपल्या रंध्यावर भारी गर्व. नाव मात्र त्यांनी उभ्या जन्मात केलेली नव्हती, आणि ते त्यांनी पहिल्याच चहाला कबूल केलं. "वैनी, तुमी नाववाल्याची लेक. तुमी सांगायचं, मी करायचं, मेजरसाबनी हुकूम सोडायचे."

तसंच चाललं. आधी शेण आणि भुसा खरवडून काढला. त्याखाली डांबराचे थर निघाले, एकावर एक, वडिलांच्या हातचे. मेजरांनी ते खरवडून, पॉलिश पेपर मारून लाकूड उघडं केलं तेव्हा आतून तांबूस सागवान निघालं आणि अंगणभर असा वास सुटला की मी हातातलं सूप तसंच ठेवून बाहेर आले. तळाच्या दोन फळ्या कुजलेल्या होत्या, चाचांनी नव्या बसवल्या. फळ्यांच्या मधल्या फटी बुजवायला वडील काथ्या वापरायचे. चाचांनी मागावरच्या टाकाऊ सुताचे पिळे आणले, तेलात भिजवले आणि छिन्नी धरून मोगरीनं ठोकत फटींत बसवले. वरून राळ. त्या मोगरीचा ठक ठक आवाज दुपारभर चालायचा आणि मला गुंगी यायची.

दुपारी जेवून चाचा झाडाच्या बुंध्याला टेकायचे, मेजर ओसरीवर आडवे व्हायचे आणि मी नावेत जाऊन बसायची. शेंगा फोडायला म्हणून बसायची, पण हात थांबायचे. वर करंजाची सावली हलायची, ती नावेच्या तळावर पडायची आणि तळ पाण्यासारखा दिसायचा. मग नाव सुटायची. अंगण, पाण्याची टाकी, दिरांचा ट्रॅक्टर, सगळं मागं पडायचं. धुकं असायचं, मी शाळेचं दप्तर उशाला घेऊन पुढच्या टोकाला झोपलेली असायची आणि मागं वडिलांचा बांबू तळाला टेकून निघायचा, टेकून निघायचा.

लग्न झाल्यावर मी याच नावेतून इकडं आले. वऱ्हाड आधीच्या खेपेला उतरलं होतं. शेवटच्या खेपेला आम्ही दोघं नवरा-नवरी आणि नाव चालवायला वडील. काठ आला तसे मेजर उतरले, मला हात दिला. वडील उतरले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की त्या काठावर पायसुद्धा ठेवला नाही. मूल काही झालं नाही, त्यामुळं पुढंही कधी आठवण आली की नाव नदीच्या मध्यावर आणून थांबायचे आणि तिथून हाक मारायचे. मी हातातलं टाकून काठावर पळायची. मधे पाणी, आणि आम्ही ओरडून एकमेकांना काय जेवलो ते सांगायचो.

नाव जसजशी उजळत गेली तसतसा माझा जीव खाली-वर होऊ लागला. बाहेरून डांबराचा हात झाला. आतून जवसाच्या बेलतेलाचे हात झाले, लाकूड मधासारखं दिसू लागलं. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, "मेजर, लय झ्याक केलीसा!" मेजर खूश, चाचा त्यांच्याहून खूश. मला वाटायचं, एखादी फळी अजून कुजकी निघावी. आखितीच्या सणाला ट्रंक माळ्यावरून खाली आलेली मी पाहिली. "साफ करायला काढलीय," मेजर म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.

आखिती झाल्यावर नाव नदीवर नेली. कृष्णामाईची ओटी भरली, नारळ फोडला. मेजर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बांबू हातात घेऊन, आत पाय टाकायला तयार. मी म्हणाले, "थांबा. आधी तिला बुडवायची."

मेजरांनी उचललेला पाय खाली घेतला. मग मी समजावलं. इतकी वर्षं कोरडी राहिलेली नाव, लाकूड आक्रसलेलं. कितीही सूत ठोका, ती गळणारच. तिच्यात धोंडे भरून काठाजवळच्या उथळ पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात. मग उपसायची. वडील म्हणायचे, तिला पोटभर पिऊ द्या, मग ती तुमाला बुडू देणार न्हाई. "किती दिवस?" मेजरांनी विचारलं. मी म्हणाले, "तिचं पोट भरंस्तवर."

धोंडे भरले. पाणी फटींतून आत आलं, मधासारखं लाकूड काळं पडत गेलं, आणि नाव बुडबुडे सोडत खाली बसली. वर फक्त टोक राहिलं. चाचांनी कानाला हात लावले. मेजर पाठ फिरवून घरी गेले.

दोन-चार दिवसांनी मी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला सांगलीला गेले. संध्याकाळी परत आले तर नाव काठावर, उन्हानं तापलेल्या वाळूत पालथी. मेजरांनी चार पोरं जमवून ती बाहेर ओढली होती, स्वच्छ पुसली होती आणि वाळत घातली होती. फौजेत भिजलेली प्रत्येक वस्तू वाळवून, पुसून जागेवर ठेवायची असते. दिवसभराच्या उन्हात सगळ्या फटी परत उघडल्या होत्या, सुताचे पिळे बाहेर डोकावत होते.

माझं डोकं फिरलं. हातातल्या पिशव्या तिथंच टाकल्या.

"एवढी घाई झालीय व्हय जायाची? चार दिस पाण्यात ऱ्हाऊ द्यायची हुती, त्ये बी बघवंना? जावा की मग! नाव झाली म्हना आन जावा! ट्रंक काढूनच ठेवलीया न्हवं!"

मेजर वाळूत बसले. नावेच्या पालथ्या पाठीवर हात ठेवला.

"घाईपायी न्हाई गं," ते म्हणाले. "रोज सकाळी हितं येतूय, तर ती बुडालेली. आपल्या हातानं केलेली वस्तू अशी बुडालेली मला बघवंना. म्हटलं, काढावी."

मी खाली बसले. राग होता तो कुठं गेला कळलं नाही. मला एवढंच वाटलं की हा माणूस आपल्याला अजून नीट माहीतच नाही, आणि आता माहीत व्हायच्या आत जाणार.

"आवं, तशी ती दरसाल बुडवायला लागती," मी म्हणाले. "पावसाळ्यात पूर म्हणून वर काढायची. वर ऱ्हायली की वाळती. मग पुन्यांदा डागडुजी, पुन्यांदा बुडवायची. आमच्या बानं जलमभर त्येच केलं."

"दरसाल?"

"दरसाल."

मेजर उठले आणि उघडलेले पिळे बोटानं आत ढकलू लागले.

चाचांना परत बोलावलं. त्यांनी मेजरांना मनसोक्त झापलं आणि सूत नव्यानं ठोकलं. नाव पुन्हा बुडवली. यावेळी मेजर रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचे, मी कामं आवरून मागोमाग जायची. सूर्य पलीकडे माझ्या माहेरच्या उसामागं जायचा, पाण्याचा रंग बदलायचा, आणि त्या रंगाखाली आमची नाव दिसायची, झोपलेल्या जनावरासारखी निवांत. आता त्यांना ते बघवत होतं. मला तर ते संपूच नये असं वाटायचं.

एका सकाळी मीच म्हणाले, "आता बघू." धोंडे काढले, घमेल्यानं पाणी उपसलं. नाव आधी कुशीवर हलली, मग सरळ झाली आणि उठली. मी आत चढले, पुढच्या टोकाला बसले. मागं मेजर बांबू घेऊन उभे. त्यांना ती चालवता येत नव्हती. मधे गेल्यावर नाव गोल गोल फिरू लागली, एकदा माहेर समोर यायचं, एकदा सासर. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. दोन्ही हात बांबूला. "काढ की," ते म्हणाले, "तूच बोल."

पुण्याचा दोस्त होता. "वैनी, जागा आता लय दिस धरता येत न्हाई. झाली का न्हाई त्याची नाव? कवा येतोय त्यो?"

मी फोन कानाला तसाच धरून मेजरांकडं बघितलं. त्यांनाही ऐकू गेलं होतं. त्यांनी बांबू तळाला टेकवला, नाव थांबवली. वडील थांबवायचे त्याच जागी कुठंतरी.

"सांग त्याला," ते म्हणाले, "नाव अजून झाली न्हाई."

मी खाली बघितलं. नावेचा तळ भिजून काळा होता, पण फटी घट्ट मिटल्या होत्या. एक थेंब आला नव्हता.

"भावजी," मी फोनवर सांगितलं, "नाव अजून झाली न्हाई बगा."