माती कुणी खाल्ली

नाना कंपाउंडर रोग्याच्या शेजारी येऊन बसायचे, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. खिडकीआड राहून बाटल्या भरणारे कंपाउंडर मी पुष्कळ पाहिले, पण हा माणूस औषध ढवळता ढवळता उठून बाहेरच्या बाकावर यायचा, सुपारी कातरून हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आत गेलं की दातखीळ बसती माणसाची. आदी माज्याशी बोला. मी काय डाक्टर न्हाई, मी घरचा."

ही गोष्ट साठ-पासष्टच्या सुमाराची. आमचे हे कान्ह्याहून रोज गाडीने लोणावळ्याला कारखान्यात जायचे. कारखान्याने कामगारांचा विमा काढलेला, त्या विम्याचा तिथंच एक दवाखाना होता. औषध फुकट, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर आजारपणाच्या रजेचाही थोडा पगार मिळे. डॉक्टर पुण्याचे, शुद्ध बोलणारे. त्यांच्यापुढे आम्ही नुसत्या माना डोलवायचो. नाना मात्र भुशीकडचे, बोलणं आमच्यासारखंच.

डॉक्टरांची ख्याती अशी, की ते न विचारताच दुखणं ओळखतात. माझी शेजारीण आत गेली तर म्हणाले, "काल शिळं कालवण खाल्लंत." ती बाहेर येऊन गालावर हात ठेवून सांगत सुटली, "अगं बया, पोटात दिवा लावून बघितल्यागत बोलला." नाना खिडकीत बाटलीला कागदाची पट्टी चिकटवत होते. हसले नुसते.

मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाईचा तोच भाऊ, अशी आपल्याकडची रीत. हे कधीतरी बाकावर बोलण्यात नानांना कळलं, आणि त्या वर्षी भाऊबीजेला खण घेऊन दारात हजर. म्हणाले, "चंद्राला काय कळतंय, ताई? येतो अन् जातो. मी बसून जेवीन." आणि खरंच जेवले. पुढे दरवर्षी यायचे. मी करंज्या वाढायला लागले की म्हणायचे, "मोजू नको, भाऊ लाजंल."

मग ह्यांचं दुखणं निघालं. चेहरा पांढराफटक, स्टेशनचा जिना चढले तरी धाप लागायची. डॉक्टरांनी शौच तपासायला आणायला सांगितलं. आता ते आणायचं कशातून, हे विचारायचीही लाज. नानांनीच समजावलं, "रिकामी काडेपेटी घ्या. बोराएवडं बास. मागं एकानं डालड्याचा डबा भरून आनलता, वर फडकं बांदून, परसाद आनल्यागत." दुसऱ्या दिवशी हे काडेपेटी सदऱ्याच्या खिशात जपत गाडीत बसले, तर समोरचा बिडी तोंडात धरून म्हणाला, "भाऊ, काडी द्या की." हे म्हणाले, "न्हाईत काड्या." तो म्हणाला, "मग छातीशी काय देव धरलाय?" संध्याकाळी हे सांगताना हसत होते. त्यानंतर बरेच दिवस ते हसले नाहीत.

आकड्याचे जंत निघाले. भातखाचरात अनवाणी राबणाऱ्याच्या तळपायातून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात, असं कळलं. औषध होतं, पण बरीच रजा लागणार होती. आणि हे अजून कारखान्यात कायम झाले नव्हते, होण्याच्या बेतात होते. सगळा जीव त्यात अडकलेला.

हे आत वजन करत होते, मी बाकावर डोळे पुसत बसले होते. नाना आले, गुडघ्याला गुडघा लावून बसले. "भिऊ नको, ताई. काय येडंवाकडं खात्यात का?"

मी हळूच म्हटलं, "कुनाला सांगू नका. माती खात्यात. भिंतीचा पोपडा काडून खात्यात. सासूबाई म्हनत्यात, लग्नाच्या आदीपासनं हाय."

"माज्या पोटात ठेवलं," नाना म्हणाले. "पोटातलं भाईर येत न्हाई."

मग उठून आत गेले. थोड्या वेळाने मलाही आत बोलावलं. डॉक्टरांनी मान वर न करता ह्यांना विचारलं, "माती खाता ना? लग्नाच्या आधीपासून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं सगळ्यांच्या पोटात लावलेला तो दिवा कुणाच्या हातात होता, ते मला त्या क्षणी कळलं. डॉक्टर लिहीत होते. आजार नोकरीच्या आधीचा, लपवून ठेवलेला. रजेचा विमा नामंजूर झाला आणि कारखान्याने ह्यांना कायम करण्याऐवजी कमी केलं.

मी खिडकीशी गेले. "नाना, तुमच्या पोटातलं आत कसं गेलं?"

"सायबानं इचारलं, ताई. रोजच इचारत्यात. मी खोटं बोललो का? माजी बी नोकरी हाय."

"खोटं न्हाई. आमच्या ह्यांनी माती खाल्ली ती रगत आटलं म्हनून. तुमी का खाल्ली?"

 नानांनी ह्यांच्या औषधाची बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.

त्या औषधाने हे बरे झाले, ते नाकारू कशाला. पुढे चिक्कीवाल्याकडे गुळाच्या कढईवर रोजंदारीने राहिले. 'कायम' हा शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

नाना जाऊन आता खूप वर्षं झाली. कुणी सुपारी कातरली की अजून ते शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं, आणि मी आपोआप गुडघा आवरून घेते.

ह्यांची नोकरी गेली त्या वर्षीच्या भाऊबीजेलाही ते आले होते. हातात खण होता. मी या म्हटलं, पाट मांडला, पोटभर जेवू घातलं. तिन्हीसांजेला निरांजन लावलं, तबक उचललं. नानांनी टोपी सारखी केली. मी त्यांच्या समोरून पुढे अंगणात गेले. डोंगराच्या माथ्यावर बीजेची बारीक कोर होती. तिला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं.

आतून आवाज आला, "ताई, मी हितं हाय. चंद्राला काय कळतंय?"

"काय कळत न्हाई," मी म्हटलं. "म्हनूनच."