शिट्टी आणि काकांचे हात

आर्णीत मंडपाला साउंड लावणारे एक काका होते. माइकनं शिट्टी मारली रे मारली, की त्यांचा हात मिक्सरवर गेलाच, मग ते जेवत असोत नाहीतर फोनवर बोलत असोत. “माह्या साउंडले शिट्टी नाही,” हे ते लग्नाचं सांगायला आलेल्या प्रत्येकाला आधी ऐकवायचे.

आणि आम्हाला नेमकी शिट्टीच हवी होती. आमचा तिघांचा बँड शूगेझ नावाचं रॉक वाजवायचा. गिटार स्पीकरच्या बॉक्सजवळ धरून शिट्टी काढायची, आवाजात आवाज मिसळून आवाजाची भिंत उभी करायची, आणि माना खाली, नजर पायाजवळच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांवर. पहिल्या दोन्ही कार्यक्रमांत काकांनी ती भिंत उभी राहायच्या आतच पाडली. वर विचारलं, “खाली काय पाहून राह्यले बे? काही पडलं काय?”

तिसरा कार्यक्रम गणपतीतला, भर दुपारचा. ड्रमवाला पुण्याला नोकरीला निघाला होता, म्हणून तोच शेवटचा. काकांना सांगितलं, तर नुसतं “हं” म्हणाले.

शेवटच्या गाण्यात मी गिटार बॉक्सला टेकवली. शिट्टी चढत गेली, मंडपाची टिनं थरथरायला लागली. मी पहिल्यांदाच मान वर केली. काकांचा हात मिक्सरकडे निघाला होता. तो त्यांनी मागे घेतला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसून राहिले.

मंडळाचा अध्यक्ष धावत आला. “काका, साउंड शिट्टी मारून राह्यला ना!”

“मारू दे,” काका म्हणाले. “गाणं हाये ते.”