स्टार्टरची खरखर

वर्गात विद्युतचुंबकीय लहरी शिकवताना मी एक जुना रेडिओ नेते. शेजारी ठिणगी पाडली की रेडिओ खर्र करतो. वीज झटक्यानं हलली की लहर जन्मते, असं पोरांना सांगते. आज ठिणगीचा जळका वास नाकात गेला आणि मी मेडशीच्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

दुपार होती. आई चुलीपुढे, कोनाड्यात सेलवरचा रेडिओ. मळा घराला लागूनच. बाबा विहिरीवरची मोटर बंद करायचे तेव्हा स्टार्टरच्या ठिणगीनं रेडिओ खरखरायचा. आईचं तेच घड्याळ. खर्र झालं की ती भाकर तव्यावर टाकायची आणि बाबा दारात येईपर्यंत ती फुगलेली असायची.

त्या दिवशी खरखर लांबली. गाणं पार बुडालं.

"आज लय खरखरून राह्यला," मी म्हटलं.

"स्टार्टर खराब झालं असन. निंगाले तुहे बाबा, ताट घे," आई म्हणाली.

मी ताट मांडलं, कांदा फोडला. भाकर फुगली, मग गार झाली. बाबा करंट लागून स्टार्टरलाच चिकटले, हे सांगत शेजारी धावत आला, तेव्हा रेडिओवर गाणं अगदी स्वच्छ लागलं होतं.

आज एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ठिणगी इझल्यावर त्या लहरीचं काय होते?"

"ती जातच राहते," मी म्हणाले.

बाबांची ती लहर आम्हाला ऐकू आली होती आणि आम्ही ताट मांडलं, हे कुणाला सांगू?