माइकच्या आधीचं सावधान

भुताखेतांच्या अशा धाग्यांवर मी आजवर आलो ते फक्त चेष्टा करायला. जुने सभासद ओळखतील... चिंचेखालच्या बाईच्या किश्श्याखाली "तिचं आधार कार्ड बघितलं का?" असं विचारणारा तो मीच. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. लिंबातून रक्त काढणं, पाण्याने दिवा पेटवणं, हे सगळं गावोगाव करून दाखवलंय आणि त्यामागचं रसायनही सांगितलंय. आमच्या घरात नवस, अंगारा, दृष्ट काढणं यातलं कधीच काही नव्हतं. तेव्हा मी इथे लिहितोय याचं पहिलं हसू मलाच यायला हवं. पण येत नाहीये.

जिल्हा बुलढाणा, तालुका संग्रामपूर. सोनाळ्याहून सातपुड्याच्या बाजूला निघालं की एक लहान गाव लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत, कारण यात एका मुलीचा विषय आहे. तिथे आमची शाळा होती, पाचवी ते दहावी. गावाने स्वतः बांधलेली. एकाने जागा दिली, बायांनी नाल्यातला दगड डोक्यावरून आणला, कुणीतरी कुठूनतरी रुळाचा तुकडा पैदा केला आणि घंटा म्हणून कडुनिंबाला टांगला. मागे डोंगर, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी. मी तिथे नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षांत बदली करून घेऊ आणि खामगावला घरी जाऊ. पण मी तिथेच रमलो.

शाळेला माइक नव्हता. म्हणजे देणगीत एकदा आला होता, पण परिपाठाच्या वेळेला लाइट हमखास गेलेली असायची. त्यामुळे 'सावधान', 'विश्राम' हे आदेश द्यायला खणखणीत आवाजाचं पोर लागायचं. त्याची निवड हा आमच्याकडे मोठा तमाशा असायचा. दहावीचं पोर शाळा सोडताना नव्या उमेदवाराला ओट्यावर उभं करून ओरडायला लावायचं. समोरची डिझेलवरची गिरणी घरघरत असताना गिरणीवाल्याने आतून हात वर केला, तर उमेदवार पास. गावातले अर्धे बाप्ये आजही छाती काढून सांगतात, "म्या बी देल्ला होता आदेश." त्यातले निम्मे थापा मारतात.

वर म्हटलं ती मुलगी म्हणजे आचल. तिचे वडील गजाननभाऊ मात्र थापा मारत नव्हते. त्यांनी खरंच त्यांच्या वेळी आदेश दिला होता. आचल आठवीत असताना ओट्यावर चढली, तेव्हा गिरणीवाल्याने हात वर केलाच नाही. तो गिरणी सोडून पिठाने माखलेला बाहेर आला आणि म्हणाला, "काऊन वरडून राह्यली वं? काय झालं?" सगळी शाळा हसून लोळली. पोरगी काटकुळी, पण "सावधाऽऽन" असं लांबवायची की शेवटच्या अक्षरावर सगळ्या टाचा एकदम जुळायच्या. मलाही सवय लागली होती. स्टाफरूममध्ये चहा पीत असलो तरी पाय जवळ यायचे.

मग मुलांचा पट कमी झाला. पुढचं तुम्ही पेपरात वाचत असालच, फक्त गावाचं नाव वेगळं. अर्ज झाले, मुंबईपर्यंत जाऊन आलो, गावाने शाळेपुढे मंडप टाकून उपोषण केलं. काही झालं नाही. आमची शाळा मोठ्या गावातल्या शाळेत विलीन झाली. आम्ही शिक्षक 'अतिरिक्त' ठरलो, मुलं 'समायोजित' झाली. मला योगायोगाने त्याच मोठ्या शाळेत घेतलं. शेवटच्या दिवशी आचलने आदेश दिले. सावधान झालं, विश्राम झालं, राष्ट्रगीत झालं. शेवटी "शाळा, विसर्जन" म्हणायचं असतं... तिथे तिचा गळा भरून आला. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. मग मीच हाताने खूण करून पोरांना घरी पाठवलं.

नवीन शाळा पाच किलोमीटरवर. मधे नाला, एसटी नाही. मुलं सायकलींवर येऊ लागली, मुली गळत गेल्या. आचलच्या वर्गातली दुसरी एकही मुलगी आली नाही आणि मग आचलही आली नाही. मी जुलैत तिच्या घरी गेलो. गजाननभाऊ ओट्यावरच भेटले. "पाहू सर," म्हणाले, "एकल्या पोरीले त्या रस्त्यानं कसं धाडू? कोणाची सोबत भेटली त धाडतो." आचल घरात होती, बाहेर आली नाही. मी समजलो, रुसली असेल.

आता खरी गोष्ट. नव्या शाळेत माइक आहे, मोठा स्पीकर आहे, क्रीडाशिक्षक स्वतः आदेश देतात. आमची पोरं रांगांच्या शेवटी उभी केलेली, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी. आणि ती रोज चुकायची. म्हणजे माइकवरून 'सावधान' येण्याच्या जरासं आधीच आमच्या सगळ्या पोरांच्या टाचा जुळायच्या, सगळ्यांच्या एकाच वेळी. मग बाकीच्या शाळेच्या. मुख्याध्यापकांना वाटलं, पोरं मुद्दाम करताहेत. मला बोलावून म्हणाले, "सर, तुमच्या मुलांना अजून ही शाळा आपली वाटत नाही."

मी पोरांना झापलं. भावाच्या सायकलमागे बसून येणारी आठवीतली साक्षी म्हणाली, "आमी काय करावं सर? आचल म्हणते ना."

"कोण आचल?"

"आपली आचल. मागून म्हणते."

मी म्हटलं, आचल या शाळेत आहे का? उगाच नावं घेऊ नका. पण कुणी हसलं नाही. आमची पोरं खोड्या करताना हसल्याशिवाय राहूच शकत नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे. तरी मी तो विषय तिथेच सोडला. सवय असते, तालावर पाय पडतात, विज्ञानात याला उत्तर आहे असं स्वतःला सांगितलं.

त्यानंतर क्रीडाशिक्षकांनी मला गाठलं. ते मूळचे डोणगावचे, आमच्या गावात कधी पाऊलही न टाकलेले. म्हणाले, "सर, मागं ती तुमची पोरगी कोण आहे? आवाज भारी आहे तिचा. पण तिला सांगा, इथं माइक आहे म्हणून." मी "बघतो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम आमच्या पोरांच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पलीकडे तुरीचं शेत, त्यात कुणी नव्हतं, मी आधीच डोकावून पाहिलं होतं. लख्ख ऊन होतं. क्रीडाशिक्षक माइकवर टकटक करत होते... आणि माझ्या कानाजवळ, अगदी ओट्यावरून यायचा तसा आवाज आला. "शाळाऽ, सावधाऽऽन!" माझ्या टाचा जुळल्या. मग माइक बोलला. मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. रडू आलं.

त्याच संध्याकाळी गजाननभाऊंच्या घरी गेलो. या वेळी आचलची आई बाहेर आली. मी म्हटलं, ताई, मला आचलशी बोलायचंय. त्या म्हणाल्या,

"तुमाले कोनी सांगतलं नाही का सर? ते बोलतच नाही. शाळा बंद झाली तवापासून तोंडातून शब्द नाही तिच्या. खामगावले दाखोलं, डॉक्टर म्हणे गळा चांगला हाय."

आचल आतून दाराशी आली. तीच पोरगी, आणखी वाळलेली. मी विचारलं, "बेटा, शाळेत येशील?" तिने जोरात मान हलवली, हो म्हणून.

आईने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "गावातले म्हणतात बाहेरचं हाय. तिचे बाबा आता मावशीकडं धाडतो म्हणते, बऱ्हाणपूरकडं. सर, तुमी त्याइले समजावून सांगा."

मग मी समजावलं, जीव तोडून समजावलं. गजाननभाऊंना म्हटलं, बाधा वगैरे काही नसतं, पोरीने मनाला लावून घेतलंय, शाळा सुटली म्हणून वाचा बसली. एक दिवस परिपाठाला आणा, तिच्या सोबत्यांमध्ये उभी राहू द्या, ती बोलेल. रोज आणायची-सोडायची जबाबदारी माझी, माझी मोटरसायकल आहे. आवाजाचं मात्र मी सांगितलं नाही. विज्ञानाचा मास्तर मी, कोणत्या तोंडाने सांगणार होतो? ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर आणतो सर. एक डाव पाहू."

मनात माझा हिशेब वेगळाच होता. वाटलं, पोरगी इथे आणि आवाज तिथे, दोघांची एकदा गाठ घालून द्यावी. इतकं भाबडं मी आयुष्यात काही केलेलं नव्हतं.

ते आले. आचलने जुनाच गणवेश घातला होता, आमच्या शाळेचा. आमच्या पोरांनी तिला मधे जागा करून दिली. गजाननभाऊ फाटकाशी उभे राहिले, टोपी हातात घेऊन. मी आचलच्या अगदी बाजूला होतो, तिच्या तोंडावरची नजर काढली नाही. सावधान, विश्राम, प्रतिज्ञा, राष्ट्रगीत, सगळं माइकवरून. मागचा आवाज आलाच नाही; आमची पोरं घुटमळत, इकडेतिकडे बघत, माइकच्या मागून चालली. मला वाटलं, संपलं, आता ती बोलणार.

राष्ट्रगीत संपलं. क्रीडाशिक्षक सूचना द्यायला माइककडे वळले, आणि मागून आवाज आला. तोच. भरून आलेला.

"शाळाऽ... विसर्जन."

आचलचे ओठ मिटलेले होते. मी पाहत होतो. आमची सगळी पोरं रांगा मोडून निघाली, वर्गाकडे नाही, फाटकाकडे, घरी जायला. क्रीडाशिक्षक ओरडत होते. मैदानाच्या मधे एकटी आचल सावधानमध्ये उभी होती.

आणि गजाननभाऊंनी ते ऐकलं होतं. किती महिन्यांनी त्यांनी पोरीचा आवाज ऐकला, आणि तो असा. माणूस पांढराफटक पडला होता. ते थेट चालत आले, आचलचं मनगट धरलं. मी आडवा गेलो, काहीतरी बोललो. ते फक्त एवढंच म्हणाले, "तुमी म्हणत होते ना सर, असं काही नसते म्हणून?" पोरीने जाताना मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, रांगेतल्या तिच्या रिकाम्या जागेकडे.

त्याच आठवड्यात तिला मावशीकडे पाठवलं. मी दोनदा जाऊन आलो, पत्ता कुणी देत नाही. तिकडेच तिचं लग्न उरकतील अशी गावात कुजबुज होती, म्हणून बालविवाहाच्या शंकेची तक्रारही केली, पण मुलगी परराज्यात, लग्नाचा पुरावा नाही, कागद फिरतोय. आईचा फोन लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथंबी नाही बोलत सर," आणि ठेवून दिला.

खाली तुम्ही लिहाल, सामूहिक सवय होती, भास होता. मीही हेच लिहिलं असतं. मान्य. पण ती सवय एका सकाळीत गेली कुठे? डोणगावच्या माणसाला भास कुणाचा झाला? मी पुष्कळ डोकं लावलं, मला उत्तर सापडलेलं नाही. आणि उत्तर सापडून तरी आता त्या पोरीला काय उपयोग?

आवाज परत आला नाही. आमची पोरं आता माइकबरोबर सावधान होतात, एक टाच मागेपुढे होत नाही. परवा मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "झाली बघा सर, तुमची मुलं आमची."

मी "हो सर" म्हणालो.