इंगोलेकाकांच्या माघारी

अकोल्याच्या इंगोलेकाकांना फोनवर काहीही विचारा, ते आधी उलट विचारत, "काट्यापुढं उभी हायेस का?" नाही, घरी टेबलाशी बसलेय, असं म्हटलं की, "मंग जाऊन उभी राय आन् फोन कर," एवढं बोलून ठेवून देत. पुण्याच्या लोकांना हा उद्धटपणा वाटे. मी अमरावतीची, मला त्या बोलण्याचं नवल नव्हतं. पण राग मलाही यायचाच.

काकांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. काट्यावरचा आकडा थेट संगणकात यावा म्हणून चाळिशी उलटल्यावर ते प्रोग्रामिंग शिकले आणि त्यांनी एक लहानशी लायब्ररी लिहिली, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रामला फुकट जोडता येईल असा तयार कोड. ती इंटरनेटवर खुली ठेवली. आपल्याकडच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांपासून पार परदेशातल्या कारखान्यांपर्यंत लोक ती वापरू लागले. मी घरून सॉफ्टवेअरची कामं करते; माझ्या दोन गिऱ्हाइकांचा गाडा तिच्यावरच चाले.

काट्याचा आकडा फार थरथरतो म्हणून एकदा मी सरासरी काढणारी सुधारणा मोठ्या ऐटीत लिहून पाठवली. काकांनी मला अकोल्याला बोलावलं. जवळच्या बडनेऱ्याहून गाडी पकडून गेले, तर त्यांनी सरळ एका जिनिंगच्या काट्यापाशी नेऊन उभं केलं. कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, बसल्या बसल्या ओळखीच्या माणसाशी गप्पा संपवल्या, तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला आणि मग निवांत खाली उतरला. तोवर सरासरीनं आकडा स्थिर झाला असं मानून माझ्या कोडनं वजन नोंदवून टाकलं होतं.

"पाह्यलं? तुया हिशेबानं कापसात मानूस तोलला," काका म्हणाले. "निस्ता कोड वाचून काटा समजत नसते, मॅडम." मॅडम ते मला फक्त माझी चूक झाल्यावर म्हणत.

पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. लायब्ररीचं काम थांबलं, तक्रारी साचत गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "तू घेशीन का? फुकटचं काम हाय. शिव्या तेवढ्या भेटतीन."

"बघते," मी म्हटलं.

"बघते म्हंजे नाई. नाई म्हनाचं असन तं आताच म्हन, मी दुसरा पाहातो. मले वाईट नाई वाटत."

तरी डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत, अर्धा तास खपून त्यांनी मला ताबा देणारं निमंत्रण पाठवलं. लायब्ररी जिथे ठेवली होती त्या वेबसाइटवर ते सात दिवसांत स्वीकारावं लागतं. मुलीची परीक्षा होती, हातात कामं होती, आणि खरं सांगायचं तर फुकटच्या शिव्या मला नको होत्या. सात दिवस गेले. दिवाळीनंतर पुन्हा मागू, असं ठरवलं. दिवाळीआधीच काका गेले. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता, काकूंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मूळ जागेचं दार कायमचं बंद झालं. याची मला आजही लाज वाटते.

"तुझी कामं चालली आहेत ना? मग झालं तर," नवरा म्हणाला. चालली होतीच. पण साचलेल्या तक्रारी वाचताना केनियातल्या चहाच्या कारखान्यातला एक माणूस सापडला. त्याच्या नव्या काट्याचा शेवटचा आकडा गळत होता आणि पानं खुडणाऱ्या बायांची मजुरी त्या वजनावर ठरत होती. तो दर महिन्याला अदबीनं एकच ओळ लिहायचा: इथे कोणी आहे का?

त्या ओळीनं माझं 'बघते' संपलं. काकांनी कोड सर्वांना खुला ठेवलेला, त्यामुळे नव्या नावानं तो पुढे न्यायची मुभा होती. तसला काटा अकोल्यात शोधून काढला, दोन दिवस तिथे काढले आणि गळणारा आकडा पकडला. मग जुन्या वापरणाऱ्यांना एकेक करून कळवलं: इंगोलेकाका वारले, आजपासून हे काम माझ्याकडे आहे.

केनियातल्या माणसाचं उत्तर लगेच आलं. तो आभार मानत होता. मी त्याला विचारलं, माझं काही बरंवाईट झालं तर तू चालवशील का? तो हो म्हणाला, आणि त्याच दिवशी मी त्याला माझ्याइतकेच पूर्ण हक्क देऊन टाकले.